वानर होता येत नाही

खाणकामगारावर लिहायचं असेल तर लेखक खाणीत उतरू शकतो. हमालावर लिहायचं तर पाठीवर पोतं घेऊन बघू शकतो, निदान तसा प्रयत्न करू शकतो. पण ज्याची पात्रंच वानरं आहेत त्याने काय करावं? मराठीत हा प्रश्न एका मोठ्या लेखकासमोर खरोखरच उभा राहिला होता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ १९८२ साली आली आणि १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्या कादंबरीतली मुख्य पात्रं म्हणजे रानातली वानरांची टोळी. टोळीचा एक म्होरक्या नर, त्याच्या माद्या, पिलं, आणि बाहेरून टपून बसलेले तरणे नर. गादीसाठी मारामारी होते, म्होरक्या बदलतो, पिलांवर संकट येतं. ही पंचतंत्रातली वानरं नव्हेत. माणसाला शहाणपण शिकवण्यासाठी त्यांना शेपट्या लावलेल्या नाहीत. ती वानरं म्हणूनच जगतात आणि मरतात.

वानरांच्या इतकं जवळ जायला काय लागतं, याचा माग काढायचा तर नागझिऱ्याला जावं लागतं. ‘सत्तांतर’ लिहिण्याच्या आधी माडगूळकर तिथे मुक्कामाला जाऊन राहिले होते आणि त्या रानावर त्यांनी ‘नागझिरा’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. कादंबरीतलं रान म्हणजे नागझिराच, असं म्हणायचं मला कारण दिसत नाही. पण रानात बसून बघत राहण्याची जी रीत त्या पुस्तकात दिसते, ती नसती तर पुढची कादंबरी उभी राहिली नसती असं मात्र मला वाटतं.

नागझिरा आज गोंदिया जिल्ह्यात मोडतं. माडगूळकर गेले तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता. तो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. अभयारण्य १९७० साली जाहीर झालं, क्षेत्र जेमतेम १५२ चौरस किलोमीटर. मेळघाटाच्या तुलनेत हे फार लहान रान. मध्ये तलाव, तलावाकाठी विश्रामगृहं, भोवती ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह आणि बांबू. आतल्या विश्रामगृहांत कित्येक वर्षं वीज नव्हती, आणि तिथे राहून आलेल्या बहुतेकांना ती उणीव न वाटता सोय वाटली.

माडगूळकर १९२७ साली माणदेशात, माडगुळे गावी जन्मले. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) लिहिताना त्यांना अनुभव घ्यायला कुठे जावं लागलं नाही. धनगर, त्यांची मेंढरं, कोरडा ओढा, रिकामं आभाळ हे सगळं लहानपणीच अंगात मुरलेलं होतं. नागझिऱ्यात मात्र ते परके होते. मैलोन् मैल उघड्या माळावर वाढलेल्या माणसाला वीस पावलांपलीकडचं दिसू न देणारं हे पूर्व विदर्भातलं रान नव्याने शिकावं लागलं असणार. त्यांच्याजवळ एक जुनी शिदोरी मात्र होती: तरुणपणी त्यांनी बंदूक घेऊन शिकार केलेली होती. शिकाऱ्याला माग कळतो, वाऱ्याची दिशा कळते, न हलता बसणं जमतं. पण शिकाऱ्याचं बघणं एका क्षणी संपतं. जनावर टप्प्यात आलं की त्याच्याबद्दलचं कुतूहल थांबतं आणि नेम सुरू होतो. दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाचं काम नेमकं तिथून पुढे चालू होतं. टप्प्यात आलेलं जनावर आता काय करेल? बंदूकवाल्याला हे कधीच समजत नाही, कारण ते काही करण्याआधीच तो बार काढतो.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग इंग्लंडमधल्या चार्ल्स फॉस्टर नावाच्या गृहस्थाने केला. त्याला बिज्जू व्हायचं होतं. बिज्जू म्हणजे जमिनीत बीळ करून राहणारा, रात्री हिंडणारा प्राणी. फॉस्टर आपल्या मुलाला घेऊन वेल्समधल्या एका डोंगरउतारावर खणलेल्या बिळात राहिला, चार पायांवर रांगला, वास घेत फिरला आणि गांडुळं खाल्ली. पाणमांजर, कोल्हा, हरीण होण्याचेही प्रयोग त्याने केले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. २०१६ साली त्याला इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते दिलं जातं. पुस्तक वाचायला मजा येते. पण मला त्यात बिज्जू फारसा भेटला नाही, फॉस्टर पुष्कळ भेटला. गांडुळाची चव माणसाच्या जिभेला कशी लागते एवढं कळलं. बिज्जूला ती तशी लागत असेल असं मानायला काहीच आधार नाही. थॉमस नेगल या तत्त्वज्ञाने १९७४ साली वटवाघळाचं उदाहरण घेऊन हाच पेच मांडला होता: मी वटवाघूळ झालो तर मला कसं वाटेल, याची कल्पना करता येते, वटवाघळाला वटवाघूळ असणं कसं वाटतं हे त्यातून कळत नाही.

माडगूळकरांनी वानर व्हायचा प्रयत्न केला नाही. ते बघत बसले. ही साधी वाटणारी गोष्ट किती अवघड असते ते वानरांच्या टोळीजवळ एकदा बसून बघावं. तुम्ही झाडाखाली आलात की टोळी वर सरकते. एखादा नर खोकल्यासारखा आवाज काढतो, माद्या पिलं पोटाशी घेतात, आणि तुम्ही वहीत लिहिता की वानरं सावध असतात, पिलांना फार जपतात. हे वानरांचं वर्णन नसतं. तुम्हाला बघितल्यावर वानरं काय करतात, त्याचं असतं. टोळीने तुमच्याकडे दुर्लक्ष करायला लागेपर्यंत खरी नोंद सुरूच होत नाही. त्यानंतर मग बारीकसारीक दिसायला लागतं. दुपारी ती किती वेळ नुसती बसून असतात. खाताना पुष्कळ पाला खाली टाकतात, आणि तो खायला चितळं झाडाखाली येऊन थांबतात. झाडाच्या शेंड्यावरून वानराला लांबचं दिसतं, जमिनीवरून चितळाला वास येतो. दोघांचे इशारे एकमेकांना उपयोगी पडतात.

इथे एक गंमत सांगायला हवी. वानरांच्या टोळीत सत्ता कशी बदलते आणि नवा नर आधीच्या नराची पिलं का मारतो, यावरचा पहिला मोठा अभ्यास युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळच्या रानात केला. साल होतं १९६१ ते १९६३. एकेक वानर ओळखू येईपर्यंत त्याच्या गटाने टोळ्यांचा पाठलाग केला. पुढे अबूच्या डोंगरात सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी त्याचं कारण मांडलं: पिलू मेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. आता सुगियामा झाडाखाली बसून होता, त्याच काळात त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते आणि घरी बसून कथा लिहीत होते. पुढे जी.ए. ज्या कथांसाठी गाजले त्यांतली वाळवंटं, ओसाड शहरं आणि नावाडी त्यांनी कुठे जाऊन पाहिलेले नव्हते. एकाच गावात एक माणूस डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहीत होता आणि दुसरा डोळ्यांना कधी न दिसलेलं. दोघांचंही काम टिकलं. अनुभव घेतल्याशिवाय लिहूच नये, असा दंडक कोणी घालू लागला की मला हे धारवाड आठवतं.

तरीही जी.एं.च्या वाटेने वानरांवर लिहिता आलं नसतं. कारण जिथे गोष्ट खऱ्या रानातली आहे, तिथे रान लेखकाला उघडं पाडतं. मोह कोणत्या महिन्यात गळतो, पळस कधी फुलतो, तलावाचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं, हे चुकलं की झाडीपट्टीतला वाचक पुस्तक मिटतो. आणि हे सगळं एका फेरीत कळत नाही. पुण्याचे पक्षी-अभ्यासक किरण पुरंदरे नागझिऱ्यात ४०० दिवस राहिले आणि त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं. ४०० हा आकडा मला फार आवडतो. वर्षाचे ३६५ झाले, वर पस्तीस. म्हणजे ज्या दिवसांत ते रानात आले ते दिवस त्यांना दुसऱ्यांदा भेटले. पहिल्यांदा फुललेलं झाड बघणाऱ्याला वाटतं, हे असंच असतं. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला कळतं की यंदा पंधरा दिवस उशीर झालाय. लपणात बसून पाखरांना आपलं अस्तित्व विसरायला लावणं हे त्यांचं काम; त्यासाठी वेळ हेच भांडवल.

आज नागझिऱ्यावर लिहू म्हणणाऱ्याला हे भांडवल मिळणं कठीण आहे. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि रान नियमांच्या हाती गेलं, जे व्हायलाच हवं होतं. आता प्रवेशद्वारावर नोंद, जिप्सी, सोबत गाइड, ठरलेली वेळ, आणि खाली उतरायचं नाही. माडगूळकर ज्या रानात पायी हिंडले त्या रानात पर्यटक म्हणून पायी हिंडता येत नाही. पावसाळ्यात पर्यटन बंद. त्यामुळे अलीकडच्या कितीतरी लेखांमधला नागझिरा जमिनीपासून पाचसहा फुटांवरून बघितलेला असतो आणि त्यात आषाढ-श्रावण कधी येतच नाही. जिप्सी थांबते, कोणीतरी ओठांवर बोट ठेवतं, वाघ रस्ता ओलांडतो. मला यातल्या कोणत्याच लेखकाची चेष्टा करायची नाही. त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं. फक्त पात्र वाघ असेल आणि लेखकाने त्याला कायम रस्ता ओलांडतानाच पाहिलं असेल, तर कादंबरीतला वाघही रस्तेच ओलांडत राहणार. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसण्याची संधी वन विभाग ‘निसर्गानुभव’ म्हणून देतो. जिप्सीपेक्षा ते पुष्कळ बरं. एका रात्रीत एकाच जागी बसून किती वेळ काहीच घडत नाही, हे तरी त्यात कळतं.

आतापर्यंत जनावरांचं झालं. माणसांकडे वळलो की हाच प्रश्न टोचायला लागतो.

नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत मार्च-एप्रिलमध्ये बायका अंधार असतानाच मोहफुलं वेचायला निघतात. फुलं रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. उन्हं चढायच्या आत वेचली तर बरी, नाहीतर जनावरं खातात. त्या जनावरांत अस्वल असतं. वाकून, जमिनीकडे बघत, टोपली भरत पुढे सरकणारी बाई अस्वलाला किंवा वाघाला माणूस वाटतच नाही, असं रानातले लोक सांगतात. मे महिन्यात तेंदूपत्ता: सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचा. अशा एखाद्या बाईवर कथा लिहायची आहे असं समजा. लेखकाने पहाटे तिच्याबरोबर जावं का? जावं, असं मी म्हणेन. कमरेत कळ नेमकी कुठे येते, दवाने पदर कसा जड होतो, मोहाच्या उग्र गोड वासाने रिकाम्या पोटी डोकं कसं जड होतं, हे सगळं लेखकाच्या शरीराला उसनं घेता येतं. पण टोपली अर्धी राहिली म्हणून लेखकाच्या घरात तेल-मीठ यायचं राहणार नाही. बोरीवलीचं किंवा पुण्याचं परतीचं तिकीट त्याच्या फोनमध्ये असतं. अस्वलाची भीती दोघांनाही वाटेल, पण बाई दुसऱ्या दिवशीही तीच भीती घेऊन त्याच झाडाखाली जाणार आहे. हा भाग कितीही वाकलं तरी उसना मिळत नाही. तो तिला विचारावा लागतो, आणि ती सांगेपर्यंत थांबावं लागतं.

स्टीफन क्रेनने हे फार लवकर ओळखलं होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, क्रेन १८७१ साली जन्मला, आणि त्या युद्धातल्या एका कोवळ्या शिपायाच्या भीतीवरची त्याची कादंबरी १८९५ साली आली. तोवर त्याने लढाई बघितलेली नव्हती. सैनिकांच्या छापलेल्या आठवणी तो वाचत असे आणि हे लोक काय केलं तेवढंच सांगतात, काय वाटलं ते सांगत नाहीत म्हणून वैतागत असे. दोन वर्षांनी तो बातमीदार म्हणून ग्रीस-तुर्कस्तान युद्धावर गेला, खरी लढाई पाहिली आणि आपलं पुस्तक बरोबर होतं असं समाधान घेऊन परतला. मग खाणीत उतरायची गरजच काय? एमिल झोलाचं उदाहरण याला उत्तर देतं. १८८४च्या फेब्रुवारीत संप चालू असताना तो उत्तर फ्रान्समधल्या अँझँच्या खाणीत उतरला. कामगारांचे हाल त्याला आधीच माहीत होते. आकडे, अहवाल सगळं वाचून झालं होतं. खाली गेल्यावर त्याला गाडे ओढणारे घोडे दिसले. ते एकदा खाली आणले की पुन्हा उजेड बघत नाहीत, हे त्याला तिथे समजलं, आणि ‘जर्मिनल’ या कादंबरीत ते घोडे आले. घरी बसून त्याने खाणीबद्दल शंभर प्रश्न काढले असते, तरी त्यात घोड्याचा प्रश्न आला नसता. जाण्याचा मोठा नफा हाच: जे विचारायचं सुचलंच नसतं, ते समोर येऊन उभं राहतं.

किंमत किती द्यायची हे मात्र कोणी आधी सांगू शकत नाही. दुर्गाबाई भागवत मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडत होत्या, तिथे अन्नातून त्यांना विषबाधा झाली आणि कित्येक वर्षं अंथरुणावर काढावी लागली. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. लोकांबरोबर रानात राहायचं तर त्यांचंच खायचं, एवढा साधा नियम त्या पाळत होत्या. अंथरुणावरून खिडकीबाहेरचे ऋतू बघत बसलेल्या बाईकडून पुढे ‘ऋतुचक्र’ आलं, हे खरं आहे. पण म्हणून त्या आजाराला चांगलं म्हणणारे लोक मला निर्दय वाटतात.

आणखी एक बाब किमतीपेक्षाही अवघड आहे: लेखक जातो तेव्हा कुंपणाच्या कोणत्या बाजूला उभा असतो? ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांनी सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये नोकरी केली. इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं तिथे तारेच्या कुंपणात ठेवलेली होती. त्या अनुभवावर त्यांनी ‘बळी’ (१९५०) लिहिली. त्या काळच्या पांढरपेशा मराठी कादंबरीत या माणसांना कोणी पाऊलही टाकू दिलं नव्हतं, म्हणून ‘बळी’चं मोल मोठं आहे. तरी मालतीबाई तिथे अधिकारी होत्या. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडता येणाऱ्या. १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं आणि जिला कायद्याने तसंच गुन्हेगार ठरवलं होतं अशा जमातीतला माणूस स्वतः बोलायला लागला. त्याला अनुभव घ्यायला कुठे जायचं नव्हतं, तो टाळता आला असता तर त्याने आनंदाने टाळला असता. ‘उचल्या’ आल्यानंतर ‘बळी’ खोटी पडली का? मला नाही वाटत. पण तिचं वाचन बदललं. ‘बळी’त आता मला कुंपणाबाहेर राहणाऱ्या बाईची अस्वस्थताही दिसते, आणि ती तिने लपवली नाही म्हणून पुस्तक अजून उभं आहे.

नागझिऱ्याच्या परिसरातच तिसराही एक नमुना आहे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यात ३६ वर्षं होते. त्यांतली महत्त्वाची वर्षं नवेगावबांध-नागझिऱ्याच्या बाजूला गेली. ते अनुभव घ्यायला आले नव्हते. बदली झाली म्हणून आले. रजिस्टरं, वणवे, चोरतोड, वरिष्ठांचे दौरे, या सगळ्यातून रोज रानात जावं लागे आणि म्हणून रान दिसे. त्यांच्या लिखाणात पाखरांची, झाडांची, माशांची जी स्थानिक नावं आहेत ती त्यांनी गोंड, ढीवर, कोहळी अशा माणसांकडून वर्षानुवर्षं गोळा केली. त्यांचे पक्षीकोश, मत्स्यकोश त्यातूनच उभे राहिले. पाहुण्याला लोक कौतुकाच्या गोष्टी सांगतात. रोज समोर येणाऱ्या फॉरेस्टवाल्याला ते तक्रारी सांगतात, थापा मारतात, कधी विसरून खरंही बोलून जातात. कादंबरीकाराला हे शेवटचंच हवं असतं, आणि वहीपेन घेऊन आठवडाभर आलेल्याला ते सहसा मिळत नाही. गावही त्या बाबतीत वानरांच्या टोळीसारखंच वागतं. आधी बराच काळ ते तुमच्याकडे बघत असतं.

एक उलटी बाजूही आहे. ‘मादाम बोव्हारी’तली एमा विष घेते तो प्रसंग लिहिताना फ्लोबेरच्या तोंडात आर्सेनिकची चव आली आणि त्याला उलट्या झाल्या, असं त्याने पत्रात लिहून ठेवलंय. त्याने विष चाखलं नव्हतं. पात्राचा अनुभव लिहिता लिहिता तो लेखकाच्या अंगात उतरला. रानात लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे जरा वेगळ्या तऱ्हेने घडतं, आणि सावकाश. पुरंदऱ्यांचं ‘सखा नागझिरा’ छापून आलं, वाचलं गेलं, त्याचं कौतुक झालं. पुस्तकापुरता अनुभव हवा असता तर तो मिळाला होता. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांनी पुण्याचा मुक्काम हलवला आणि नागझिऱ्याच्या वेशीवर, साकोली तालुक्यातल्या पिटेझरीत बिऱ्हाड केलं.